दाणाबंदर, भिंत क्रमांक दोन

नफिसा परकारने मला एक वही दिली,
दोरीला बांधलेली पेन्सिल,
आणि तोंडाला लाल पतंगी कागद चिकटवलेला टॉर्च.
काका, लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणाली.
तेव्हापासून दर तासाला मी
भिंतीखालच्या फरशीवर सुपारीएवढा गूळ ठेवतो
आणि मोजतो:
कोण आलं, किती आले, कोण मागे फिरलं.

एकोणीस वर्षं या गोदामाचा रात्रीचा राखणदार आहे मी.
ढेपा मोजल्यात, पोती मोजलीत,
एका चातुर्मासात उंदीरसुद्धा मोजलेत.
मुंग्या कधी मोजल्या नव्हत्या.

दिवस बारक्यांचा.
काळ्या, लग्नघरातल्या पोरांसारख्या
उगाच इकडून तिकडे पळणाऱ्या.
दिवसाच्या नोंदी भोइटे करतो,
त्याचं अक्षरही तसंच, ओळ सोडून धावणारं.
भर दुपारी पत्रा तापला की बारक्या फटीत शिरतात;
तेवढ्या घटकेत एक गांधीलमाशी येते,
हप्ता उचलावा तसा गूळ उचलते नि जाते.

रात्र मुंगळ्यांची.
नऊला पहिला येतो. फरशीच्या कडेला थांबतो,
मिशा हलवून बारक्या गेल्याची खात्री करतो.
एवढा थोरला गडी,
पण सगळ्यांची पानं उठल्यावर
जेवायला बसणाऱ्या सुनेसारखा.
मी धरून चाललो होतो, ही जातच रात्रीची.
नफिसा म्हणाली, बघू.

मग मालकाने पावडर मारून घेतली.
बारक्या केरसुणीने गोळा केल्या,
सूपभर, काळ्या तिळासारख्या.
मुंगळ्यांचं बीळ बाहेर, भिंतीतून उगवलेल्या पिंपळाच्या मुळाशी.
ते वाचले.
चौथ्या दिवशी भोइट्याच्या पानावर,
सकाळी अकराला: मुंगळे तीन.
सहाव्या दिवशी, दुपारी दोनला: बावीस.
उन्हात. उघड्यावर. पाठी चमकत.

नफिसाने पान दोनदा वाचलं.
काका, रात्र त्यांची आवड नव्हती, म्हणाली.
रात्र उरली होती.

मी चहा आणायला गेलो
आणि किटली टपरीवरच विसरून आलो.

एकोणीस वर्षांपूर्वी या फाटकात
आम्ही दोघे एकाच सकाळी उभे होतो.
भोइट्याकडे मालकाच्या मेव्हण्याची चिठ्ठी,
माझ्याकडे जुन्नरहून आणलेली वळकटी.
भांडण झालं नाही.
खुर्ची एकच होती, त्याने ती सावलीत ओढली.
पुढे बायको शेजारणींना सांगायची,
ह्यांना दिवसाच झोप लागते, स्वभावच तसा.
मीही तेच सांगू लागलो.

त्याच आठवड्यात भोइट्याचा गुडघा चिरला.
महिनाभर दिवस मला मिळाला.
दिवसाचं गोदाम भलतंच निघालं.
हमाल नावाने हाक मारतात.
गूळ पिवळा असतो; मला तपकिरीच ठाऊक होता.
डोळ्यांना सारखं पाणी,
आणि रात्री अंथरुणावर टक्क जागा मी,
कुलपं आठवत.

बाराव्या दिवशी पलीकडच्या मसाल्याच्या गाळ्यातून
बारक्यांची नवी रांग आली, सुतासारखी.
बाविसांचे नऊ झाले, नवांचे दोन.
कुणी कुणाला चावलं नाही.
बारकी नुसती पायाला लागली
की मुंगळा वळायचा.

एक तेवढा राहिला.
दुपारी तीन वाजता, भगभगीत उन्हात,
गुळाच्या पार कडेला.
मी खुर्ची जराशी सरकवली,
माझी सावली त्याच्यावर पडेल अशी,
आणि वहीत लिहिलं: तीन वाजता, मुंगळा एक.
शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायला घेतलं.
पेन्सिलीचं टोक मोडलं.